वाद्यांचे कूळ आणि वाद्यांची संगत

संगीताच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात वाद्यांचे चार प्रकार सांगितलेले असतात. तारेतून बोलणारी ती तत वाद्ये, पोकळीतल्या वाऱ्यातून बोलणारी ती सुषिर, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि ज्यांचे अंगच वाजते ती घन. सतार, बासरी, तबला, टाळ अशी एकेक उदाहरणे दिली की विषय संपतो. संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला हीच विभागणी अमरकोशाच्या नाट्यवर्गातही भेटलेली असते. परीक्षेत यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि तो सहसा कोणाचा चुकत नाही.

या चार घरांत चौंडके कोठे बसवायचे, असे मात्र कोणी विचारत नाही. यल्लम्माची, रेणुकेची गाणी गाणाऱ्या जोगत्या-जोगतिणींच्या काखेत असणारे हे वाद्य. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला चामडे, चामड्याच्या मध्यातून ओवलेली तात आणि त्या तातीचे दुसरे टोक वादकाच्या हातात. नळकांडे काखेत दाबून धरायचे, एका हाताने तात ताणायची आणि सैल सोडायची, दुसऱ्या हाताने ती छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो, उतरतो. ठेका आणि स्वर दोन्ही एकाच वाद्यातून एकाच वेळी निघतात. तात छेडली जाते म्हणून याला वीणेच्या पंगतीला बसवावे, की चामडे घुमते म्हणून मृदंगाच्या?

दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यात हा प्रश्न कोणाला पडत नाही. चौंडके हे यल्लम्माचे वाद्य, एवढे तेथे पुरेसे असते. शास्त्र शिकलेल्या माणसाला हे उत्तर प्रश्नाला बगल देणारे वाटेल. वास्तविक तेही एक वर्गीकरणच आहे, फक्त त्याचा निकष निराळा आहे. पहिले वर्गीकरण वाद्याचा कोणता भाग कंप पावतो हे पाहते. दुसरे पाहते ते वाद्य कोणाबरोबर, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या हातात वाजते. पहिल्याला आपण वाद्याचे कूळ म्हणू आणि दुसऱ्याला वाद्याची संगत. मराठीत ‘संगत’ या शब्दाला सोबत आणि साथ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि येथे ते दोन्ही अभिप्रेत आहेत. आपल्या जुन्या ग्रंथांत कूळ आणि संगत शेजारी शेजारी नांदत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची ताटातूट झाली, कूळ तेवढे शास्त्र ठरले आणि संगत विस्मृतीत गेली. या ताटातुटीचा फटका वाद्यांना बसलाच, पण मराठी साहित्याच्या वाचनालाही बसला. तो कसा, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरुवात अर्थातच नाट्यशास्त्रापासून करावी लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आतोद्याचे, म्हणजे वाद्यांचे, चार प्रकार येतात. हे चार प्रकार सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यामागोमाग भरत काय सांगतो, याकडे मात्र लक्ष जात नाही. चार प्रकार सांगून होताच तो प्रयोगाकडे वळतो आणि ‘कुतप’ या संज्ञेचा आश्रय घेतो. कुतप म्हणजे प्रयोगासाठी एकत्र बसणारा समूह. ततकुतपात गायक आणि त्याचा परिवार येतो, विपंची आणि वीणा वाजवणारे येतात, आणि त्यांच्याबरोबर वंशवादक, म्हणजे बासरीवालाही येतो. दोनचार श्लोकांपूर्वी जी बासरी सुषिर म्हणून वेगळी काढली, तीच येथे ततांच्या मंडळात निमूटपणे येऊन बसते. अवनद्धकुतपात मृदंग, पणव आणि दर्दुर वाजवणारे असतात. तिसरा नाट्यकुतप, आणि तो तर चक्क नटांचा.

ही भरताची विसंगती नव्हे. वाद्य कशाचे बनले आणि वाद्य कोणाबरोबर बसते, हे दोन निराळे प्रश्न आहेत याची त्याला पुरती जाण होती. बासरीचे कूळ सुषिराचे असले तरी तिचे काम कंठाचा स्वर धरून ठेवण्याचे, म्हणून तिची जागा गायकाशेजारी. नाटकाच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वरंगाचे पहिले अंग ‘प्रत्याहार’, म्हणजे वाद्यांची मांडणी, आणि दुसरे ‘अवतरण’, म्हणजे गायकांचे आसनस्थ होणे. नांदी, सूत्रधार हे सारे त्यानंतरचे. कोण कोठे बसणार हे ठरणे, हीच भरताच्या लेखी नाटकाची सुरुवात आहे.

यानंतर थेट तेराव्या शतकात, आणि तेही महाराष्ट्राच्या भूमीवर, देवगिरीला यावे. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला. त्याचा सहावा अध्याय वाद्याध्याय. तत-सुषिरादी चार प्रकार तेथेही आहेत. पण त्यांच्या जोडीला शार्ङ्गदेव दुसरी एक चतुर्विध विभागणी सांगतो. गीत-नृत्तावाचून स्वतंत्रपणे होणारे ते शुष्क वाद्य, गीतामागून जाणारे ते गीतानुग, नृत्तामागून जाणारे ते नृत्तानुग, आणि दोहोंना अनुसरणारे चौथे. येथे तारेचा वा चामड्याचा संबंध नाही. एकच मृदंग सकाळी शुष्क असू शकतो आणि सायंकाळी गीतानुग. विभागणी वाद्याच्या शरीराची नसून त्याच्या त्या वेळच्या नात्याची आहे.

याच ग्रंथाच्या प्रकीर्णकाध्यायात वृंदाची व्याख्या येते. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायन, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, म्हणजे एकूण बत्तीस माणसे. मध्यम वृंद याच्या निम्मा. उत्तमाहूनही मोठा समुदाय जमला तर त्याला शार्ङ्गदेव ‘कोलाहल’ म्हणतो. ती संज्ञा वाचताना आजच्या वाचकाच्या ओठांवर हसू आल्यावाचून राहत नाही. संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाला अनुसरणे, आवाज एकमेकांत मिसळणे, ताल-लयीबरोबर राहणे, एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते निभावून नेणे, तिन्ही स्थानांत पोहोचण्याची शक्ती असणे आणि ध्वनीत सारखेपणा असणे. यांतला चौथा गुण मला फार मोलाचा वाटतो. वृंद म्हणजे केवळ अनेकांची बेरीज नव्हे. कोणाचा तरी श्वास तुटणारच, हे गृहीत धरून त्याची सोय लावणारी ती व्यवस्था आहे. पुढे पोवाड्याकडे वळताना या गुणाची पुन्हा गरज पडेल, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

संगतीने वाद्ये ओळखण्याची रीत एकट्या भारताची नाही. प्राचीन चीनने वाद्ये द्रव्यावरून आठ प्रकारांत लावली: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, चामडे आणि लाकूड. युरोपात ‘कुटुंब’ या शब्दाला तर अगदी शब्दशः अर्थ होता. मिखाएल प्रेटोरिउसच्या १६१९ च्या ग्रंथात आणि त्याला जोडलेल्या चित्रांत एकाच वाद्याची लहानापासून थोरापर्यंतची भावंडे ओळीने मांडलेली दिसतात. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचे आजचे नाते याच विचारातून आलेले आहे. मनुष्याच्या आवाजाचे जसे चढते-उतरते थर, तशी एका घडणीची चार-पाच मापे. आपल्याकडे अशी मापे क्वचितच झाली. आपला मेळ भिन्न जातींच्या वाद्यांचा, त्यांचा एका घडणीच्या भावंडांचा.

तरीही युरोपातही संगतीचा निकष होताच. मध्ययुगाच्या अखेरीस तेथे वाद्यांची उंच आवाजाची आणि मंद आवाजाची अशी विभागणी करत. पहिली उघड्यावर, मिरवणुकीत, दुसरी दालनात. तुतारी आणि नगारा या दोन वाद्यांचे कूळ पूर्णपणे वेगळे, पण १६२३ मध्ये सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने तुतारीवादक आणि नगारावादक यांच्या एकाच संघाला सनद दिली. दोन्ही वाद्ये सत्तेची, घोडदळाची, म्हणून त्यांचे वादक एका पंगतीचे. आपल्याकडच्या नौबतखान्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नगारखान्याची जी यादी दिली आहे, तीत नगारे, ढोल, कर्णे, सुरना, शिंगे आणि झांजा एकत्र येतात. सुषिर, अवनद्ध आणि घन अशी तीन कुळे आणि एकच संगत. युरोपच्या वाद्यवृंदातल्या टिंपनीचा एक पूर्वज मध्ययुगात पश्चिम आशियातून तेथे गेलेला हाच नक्कारा आहे, हे लक्षात घेतले की ही दोन चित्रे आणखी जवळ येतात.

आता ताटातुटीची कथा. तिचा नायक कोलकात्याचा आहे. सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) हे पाथुरियाघाटाच्या टागोर घराण्यातले धनिक आणि संगीतज्ञ. १८७१ मध्ये त्यांनी संगीतविद्यालय काढले. १८७५ मध्ये वाद्यांवरचा ‘यंत्रकोष’ हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय संगीताला जगाने शास्त्र म्हणून मान द्यावा, ही त्यांची तळमळ होती आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग होता भेटींचा. देशोदेशींच्या राजांना आणि संस्थांना ते भारतीय वाद्यांचे संच पाठवीत. १८७६ मध्ये असाच सुमारे शंभर वाद्यांचा संच त्यांनी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला पाठवला. तो संच आणि फेतिस या संगीतेतिहासकाचा आधीच विकत घेतलेला संग्रह एकत्र करून १८७७ मध्ये ब्रुसेल्सच्या संगीतशाळेचे वाद्यसंग्रहालय सुरू झाले.

त्याचा पहिला संग्रहपाल व्हिक्टर माहियों हा वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला. ध्वनिशास्त्राची त्याला उत्तम जाण होती. जगभरातून आलेली वाद्ये कोणत्या क्रमाने लावावीत हा त्याच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. युरोपातली तारवाद्ये, वायुवाद्ये आणि आघातवाद्ये ही त्रिविध विभागणी येथे अपुरी पडत होती, कारण ती तर्कदृष्ट्या सदोष होती. पियानोत तार आहे आणि आघातही आहे. ढोल आणि घंटा या दोहोंवर आघात होतो, पण वाजते ते वेगवेगळे. १८८० पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूचीत माहियोंने चार वर्ग केले: स्वतःच्या अंगाने वाजणारी, पडद्याने वाजणारी, तारेने वाजणारी आणि वायूने वाजणारी. ओळ जरा फिरवली की घन, अवनद्ध, तत आणि सुषिर. टागोरांच्या संचाबरोबर त्यांचे वर्गीकरणही ब्रुसेल्सला पोहोचले आणि माहियोंने त्यावरूनच आपली चौकट घडवली, असे अनेक अभ्यासक मानतात.

१९१४ मध्ये एरिक फॉन होर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी बर्लिनच्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात ही चौकट सुधारून मांडली. ग्रंथालयातल्या दशांश पद्धतीप्रमाणे प्रत्येक उपप्रकाराला आकडा दिला. १९४० मध्ये झाक्सने विजेवर वाजणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग जोडला. जगातली संग्रहालये कमीअधिक फरकाने आजही याच पद्धतीने वाद्ये लावतात. नाट्यशास्त्रातला एक विचार जगाच्या शास्त्रात इतका रुजावा, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या अनेक लेखांचा समारोप त्या अभिमानाने होतो. माझ्या मते खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

टागोरांच्या लेखनात दुसरी एक विभागणीही होती. सभेत वाजणारी वाद्ये, दाराबाहेर वाजणारी, ग्रामीण, रणातली आणि मांगल्याची अशी ती प्रसंगानुसार लावलेली होती. ब्रुसेल्सच्या फडताळांवर तिचा उपयोग नव्हता. तेथे ना सभा होती, ना दार, ना रण. काचेमागच्या वाद्याजवळ त्याचे शरीर तेवढे शिल्लक असते, आणि शरीरावरून होणारे वर्गीकरण साहजिकच तेथे सोयीचे ठरते. यात माहियोंचा दोष काहीच नाही. त्याच्या प्रश्नाला त्याने निर्दोष उत्तर शोधले. आपण मात्र संग्रहालयाच्या प्रश्नाचे उत्तर संगीताच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाठ्यपुस्तकात घेतले. जे वर्गीकरण येथून अर्धे गेले, ते अर्धेच परत आले.

आणि त्या निर्दोष उत्तरालाही चौंडक्याच्या भाईबंदांनी पेचात पकडले. बंगालचे गोपीयंत्र आणि आनंदलहरी यांच्यासाठी होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी अवनद्धांत ‘छेडून वाजवायचे ढोल’ असा निराळा उपवर्ग केला आणि त्याला २२ हा आकडा दिला. आनंदलहरी हे चौंडक्याचे अगदी जवळचे नातलग. तारेचा कंप चामड्यात उतरतो, असा त्यांचा युक्तिवाद. १९८१ मध्ये लॉरेन्स पिकेन या अभ्यासकाने दाखवून दिले की या वाद्यांत मूळ कंप पावते ती तारच, म्हणून ती तत वाद्ये मानली पाहिजेत. म्हणजे सदुसष्ट वर्षांनी वाद्याचे कूळ बदलले! काखेतल्या वाद्याला याची गंधवार्ता नव्हती. त्याची संगत मात्र या सगळ्या काळात एकच होती.

संगतीच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रातले मेळ फार बोलके आहेत. वारकऱ्यांच्या दिंडीत टाळ, मृदंग आणि वीणा असतात. शेकडो टाळांच्या गजरात विणेकऱ्याच्या वीणेचा झंकार चार हातांवरही ऐकू येत नाही. ध्वनीचे मोजमाप करणारा माणूस म्हणेल, हे वाद्य मेळात नसले तरी चालेल. पण दिंडी उभी राहते ती विणेकऱ्याभोवती. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि हातात वीणा असणाऱ्याच्या पाया पडतात. मेळाचे केंद्र सर्वात कमी ऐकू येणाऱ्या वाद्यापाशी असावे, ही गोष्ट कोणत्याही कंपनशास्त्राला सांगता येणार नाही.

तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि मंजिरी असतात. तुणतुण्याचे कूळ काढले तर ते वीणेचे दूरचे आप्त ठरते. व्यवहारात त्या दोघांची सोयरीक कधी झाली नाही. एक देवळात गेले आणि एक फडात. गोंधळात संबळाबरोबर तुणतुणे आले, शाहिराच्या मागे डफाबरोबर आले. जन्माने वीणेचे, पण वाढले ते ढोलकी-डफ-संबळांच्या घरात. त्याचे शब्द आणि त्याची लय तेथूनच घडली.

येथे एक कटू सत्य टाळून चालणार नाही. संगत म्हणजे गोडवाच असतो असे नाही. कोणी कोणते वाद्य वाजवायचे हे गावगाड्यात जातीने ठरलेले होते. गुरव, घडशी, मांग, गोंधळी यांच्याकडे वाद्ये आली ती आवडीने निवडलेली कला म्हणून नव्हे, तर पिढीजात काम म्हणून. ज्या हलगीवाचून गावची मिरवणूक हलत नसे, तिच्या वादकाला त्याच गावात शिवाशिवीचा नियम होता. भरताच्या ग्रंथात कमळाच्या पानांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचा नाद ऐकून स्वाती मुनी पुष्करवाद्ये घडवतो, त्या वाद्यांची विधिपूर्वक पूजा होते. व्यवहारात मात्र चामडे कमावणाऱ्या आणि चामडे वाजवणाऱ्या हातांना अस्पृश्य मानले गेले. ‘अवनद्ध’ हा भारदस्त शब्द या इतिहासावर पांघरूण घालतो. कुळाचे वर्गीकरण तटस्थ दिसते, कारण त्यात वादक नसतो. वादक आणला की तटस्थता उरत नाही.

म्हणूनच संगत नाकारली जाणे हाही वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे. आंबेडकरी चळवळीने गावकीची अवमानकारक कामे सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा काही हातांनी वाद्ये खाली ठेवली. त्या रिकाम्या जागेला कोणत्याही सूचीत आकडा नाही. दुसरीकडे त्याच मेळाला नवी संगत देण्याचेही प्रयत्न झाले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा आशय भरला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक स्थापन केले. ढोलकी, डफ, तुणतुणे तीच. त्यांची कुळे होती तशीच राहिली. पण ती कोणासमोर आणि कशासाठी वाजतात हे बदलले, आणि तेवढ्याने त्यांचा अर्थ बदलला.

आता साहित्याकडे येऊ. माहियोंची सूची निघत होती त्याच सुमारास, १८९१ मध्ये, हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या मुखातून मिळवलेले हे पोवाडे त्यांनी छापले नसते तर त्यांतले कितीतरी आज आपल्या हाती नसते. हे ऋण मोठे आहे. परंतु दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. ब्रुसेल्समध्ये वाद्ये वादकांवाचून काचेमागे गेली, मुंबईत शब्द वाद्यांवाचून कागदावर आले. एकाच दीड-दोन दशकांत मेळाचे असे दोन तुकडे झाले. एकाची जबाबदारी संगीतशास्त्राने घेतली आणि दुसऱ्याची साहित्याच्या इतिहासाने. मधला जोड कोणाच्याच अभ्यासक्रमात राहिला नाही.

याचा परिणाम वर्गात रोज दिसतो. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आपण कविता म्हणून शिकवतो. ओळींची लांबी कमीजास्त आहे, छंद सैल आहे, तीच ती शब्दकळा पुन्हा येते, असे शेरे समीक्षेत येतात. झीलकऱ्यांची ‘जी जी’ तर निरर्थक पालुपद म्हणून सोडून दिली जाते. पण डफावरची थाप आणि तुणतुण्याचा अखंड सूर ऐकू आला की हीच वैगुण्ये वेगळी दिसू लागतात. ओळ आखूड पडली तर उरलेली मात्रा डफ भरून काढतो. ओळ लांबली तर शाहीर ती एका दमात फेकतो आणि श्वास संपतो तेथे झीलकरी उचलून धरतात. शार्ङ्गदेवाने देवगिरीला सांगितलेला वृंदाचा चौथा गुण, एकाचे तुटले तर दुसऱ्याने निभावून नेण्याचा, तो हाच. ‘जी जी’ हा अर्थहीन उच्चार नसून तुटलेला श्वास जोडणारा सांधा आहे. छंद सैल आहे असे म्हणण्याऐवजी छंद एकट्या शब्दांत नाही, तो मेळात वाटलेला आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

लावणीच्या बाबतीत ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीनंतर शब्द कोठे पडतो, यावर तिचा अर्धा शृंगार अवलंबून असतो. अभंगाच्या बाबतीत ध्रुवपद कितव्या वेळी परत येते आणि टाळ कोठे दुगुनीत जातो, यावर त्याची चढण अवलंबून असते. छापील पानावर ध्रुवपद एकदाच येते, आणि विद्यार्थी ते एकदाच वाचतो. प्रत्यक्षात ते पंचवीस वेळा आलेले असते आणि पंचविसाव्या वेळी त्याचा अर्थ पहिल्या वेळेसारखा नसतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की साहित्याने अखेर शब्दांचाच विचार करायचा असतो; वाद्ये मोजत बसलो तर साहित्य आणि संगीत यांतली सीमाच पुसली जाईल. आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानेश्वरी वाचायला टाळ लागत नाही, आणि मर्ढेकरांची कविता कानांपेक्षा डोळ्यांनीच अधिक वाचली जाते. प्रत्येक शब्दरचनेला मेळ चिकटवण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण जी रचना मेळासाठीच जन्मली, तिच्या बाबतीत मेळ हा बाहेरचा संदर्भ नसतो. तो तिच्या आकृतिबंधाचाच भाग असतो. नाटकाची संहिता शिकवताना रंगसूचना वगळणे आपल्याला गैर वाटते. पोवाड्याच्या मेळाला निदान रंगसूचनेइतका तरी मान मिळायला हवा.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. पोवाडा, लावणी, गोंधळगीत वा अभंग वर्गात घेताना प्रारंभी चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल. येथे कोणती वाद्ये वाजत होती? ती कोणाच्या हातात होती? कोण पुढे उभा होता आणि कोण मागे? आणि शब्द थांबल्यावर कोण बोलत होते? या प्रश्नांची उत्तरे दरवेळी मिळतीलच असे नाही. पण प्रश्न विचारण्याने विद्यार्थ्याला एवढे तरी कळेल की समोरचे पान हा मेळातून उचललेला एक आवाज आहे, आणि बाकीचे आवाज त्याला अजून ऐकायचे आहेत.

तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे चार प्रकार अर्थातच शिकवावेत. ते खरे आहेत, उपयोगी आहेत आणि त्यांचा प्रवास अभिमान वाटावा असा आहे. त्यानंतर मात्र भरताप्रमाणे लगेच पुढच्या श्लोकांकडे वळावे, जेथे बासरी आपले कूळ सोडून गायकाशेजारी जाऊन बसते.